प्रोबवाला डिजिटल हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजायचा मीटर), बॉल पायथनच्या काचेच्या टाकीसाठी (४ स्टार)

आमच्याकडे बॉल पायथन, म्हणजे छोटा पाळीव अजगर आहे, परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवर रीतसर नोंद केलेला. त्याला साधारण ५५ ते ६५ टक्के ह्युमिडिटी लागते, कात टाकताना अजून थोडी. आधी काट्याचा गोल मीटर होता, तो कायम ६० दाखवायचा म्हणून मी निर्धास्त, पण मे महिन्यात रात्रभर एसी चालायचा आणि बिचाऱ्याची कात तुकड्यातुकड्यात निघाली, डोळ्यावरची तर तशीच राहिली, फार वाईट वाटलं.

मग ठाणे स्टेशनजवळून हा घेतला. आणल्या आणल्या मिठाची टेस्ट केली, झाकणात ओलसर मीठ आणि दोन्ही मीटर रात्रभर बंद डब्यात, ओल्या मिठामुळे डब्यात ह्युमिडिटी ७५ टक्क्यांवर येते, म्हणून ७५ यायला हवं. ह्याने ७३ दाखवलं, जुन्याने तेच ६०!! प्रोब (वायरच्या टोकाचा सेन्सर) खाली, साप बसतो तिथे लावा, दिव्याजवळ नको, तिथे कमीच दाखवणार.

आता फवारत बसत नाही, कोपऱ्यातून कोकोपीटच्या (टाकीत अंथरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा) खालच्या थरात पाणी सोडतो, वरचा थर कोरडा राहतो, नाहीतर सापाच्या पोटाच्या कातडीला इन्फेक्शन होतं. गेल्या वेळी कात अख्खी निघाली, शेपटीच्या टोकापर्यंत! पावसाळ्यात पाणी घालणं जवळजवळ बंद, इथली हवाच तेवढी दमट. डिस्प्लेला लाइट नाही, रात्री टॉर्च लागतो, म्हणून एक स्टार कमी.