आठवड्याची गोळी की वर्षाचं सलाईन?

पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ झाली, की बेळगावच्या दवाखान्यांत दोन नावं हमखास कानावर येतात: अलेन्ड्रोनेट आणि झोलेड्रॉनिक ॲसिड. कूळ एकच, दोन्ही हाडांची झीज रोखतात.

अलेन्ड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही आणि चहासुद्धा नाही! आपल्याकडच्या बायकांना हेच जड जातं. पण लगेच चहा घेतला तर औषध अंगी लागत नाही, आडवं झालं तर अन्ननलिका चुरचुरते, कधी जखमही होते. गिळायचाच त्रास असेल तर ही गोळी नकोच.

झोलेड्रॉनिक ॲसिड 5 मिलिग्रॅम, शिरेतून, वर्षातून एकदा. खानापूरच्या आतल्या गावाहून येणाऱ्या मावशींची सोय होते. पहिल्या खेपेनंतर बऱ्याच जणींना दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी. पॅरासिटामॉलने आराम पडतो. मूत्रपिंड फार अधू असेल तर मात्र देत नाहीत, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आधी तपासतात. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व कमी असेल तर तेही आधी भरून काढतात.

ॲसिडिटीवाल्या किंवा विसराळू बाईने डॉक्टरांना सलाईनचं विचारावं, असं माझं मत. दात काढायचे असतील तर दोन्हींच्या आधी उरका. जबड्याचं हाड क्वचित बिघडतं, पण बिघडतं.