अबटमेंट डिझाइनचं मॉड्यूल, वर्षभर वापरून झाल्यावर

अबटमेंट म्हणजे हाडातल्या इम्प्लांटवर बसणारा आणि वरचा कृत्रिम दात (क्राउन) धरणारा जोडभाग; लॅबमध्ये तो मी सॉफ्टवेअरच्या या मॉड्यूलमध्ये डिझाइन करतो. परवा अपडेट टाकलं आणि इमर्जन्स प्रोफाइलची, म्हणजे अबटमेंट हिरडीतून बाहेर येताना कसा पसरतो त्या आकाराची, माझी सगळी सेव्ह केलेली सेटिंगं उडाली. सपोर्टला फोन केला तर "सर रीइन्स्टॉल करा". केलं. मग म्हणे आमचं डिफॉल्टच वापरा ना, ते सायंटिफिक आहे. सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही, पण हे डिफॉल्ट काय आहे ते सांगतोच.

इम्प्लांटपासून मार्जिनपर्यंतचा (म्हणजे क्राउनची कड अबटमेंटवर टेकते त्या रेषेपर्यंतचा) हिरडीतला भाग हे सॉफ्टवेअर थेट मडकं करून देतं. खालच्या दाढेला इम्प्लांट साडेचार मिमीचं आणि त्यावर बसणारा दात 10-11 मिमी रुंद, म्हणजे कुठेतरी पसरावं लागणारच, मान्य. पण ते मार्जिनखालच्या शेवटच्या एखाद मिमीत पसरावं, त्याच्या खाली इम्प्लांटलगत सरळ नाहीतर थोडं खोलगट, म्हणजे हिरडीला जागा राहते. क्रिटिकल (मार्जिनलगतचा) आणि सबक्रिटिकल (त्याखालचा) काँटूर म्हणजे आकार, ही विभागणी 2010 पासून सगळ्यांना माहितीये. 2018 च्या एका अभ्यासात तर बोन-लेव्हल (हाडाच्या पातळीत बसवलेल्या) इम्प्लांटला बाहेर पसरण्याचा कोन 30 अंशांच्या वर आणि आकार फुगीर असेल तिथे पेरी-इम्प्लांटायटिस, म्हणजे इम्प्लांटभोवतीची सूज आणि हाडाची झीज, जास्त दिसला होता. आणि मी मात्र प्रत्येक केसला चारही बाजूंचे पॉइंट माउसने आत ओढत बसतो, वर रिन्यूअल भरायचं ते 18 टक्के जीएसटीसकट.

तरी सुरुवातीला या मॉड्यूलला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आता देत नाही. आधी पूर्ण दात बसवायचा, मग त्यातूनच आत कमी करून अबटमेंट काढायचं, हे यात फार छान जमतं. क्राउनची जाडी सगळीकडे सारखी मिळते आणि लॅटरलचं (समोरच्या मधल्या दाताशेजारच्या लहान दाताचं) अबटमेंट सेंट्रलएवढं (मधल्या मोठ्या दाताएवढं) जाड होत नाही. मार्जिन समोरून हिरडीच्या अर्धा-एक मिमी खाली आणि टाळूकडून हिरडीच्या लेव्हलला ठेवला की क्राउन चिकटवताना बाहेर आलेलं सिमेंट साफ करायला डॉक्टरांना त्रास नाही. क्रॉस सेक्शनमध्ये पट्टी लावून मोजता येतं ते तर मला सगळ्यात आवडलं. मागे समोरच्या दाताची एक केस गेली, डॉक्टरांचा फोन आला, मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, तर म्हणाले हिरडी जरा पांढरी पडली आणि लगेच परत गुलाबी झाली, अ‍ॅडजस्ट काहीच केलं नाही!

पण हे सगळं पॉइंट हाताने ओढल्यावर हां. तेवढं एक सेटिंग डॉक्टरांच्या नावाने लक्षात ठेवलं असतं तर या लोकांचं काय गेलं असतं? आता सेटिंगचं फोल्डर पेनड्राइव्हवर काढून ठेवतो आणि अपडेटचं बटण दिसलं की बंद करतो.

यंदा रिन्यूअल केलेलं नाही. आहे तेच व्हर्जन चालतंय मस्त. फक्त नव्या इम्प्लांटची लायब्ररी (त्याच्या मापांची डिजिटल फाइल) मागितली की "आधी पेमेंट करा सर", म्हणून दोन डॉक्टरांना सांगून टाकलंय, सध्या जुन्याच सिस्टीमच्या केसेस पाठवा.