जुनी फायबर बोट घेताय? आधी इंजिन उतरवून मागची फळी बघा

पुण्यात बसून सेकंडहँड बोट घ्यायच्या विचारात असाल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. आमचे १,८५,००० रुपये गेले. पण पैशांपेक्षा जास्त संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. बोट आतून सडलेली आहे हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही सत्तरी ओलांडलेल्या माझ्या वडिलांना त्याने ती घेऊन पाण्यात जाऊ दिलं.

बोट कशाला हवी होती, असं सगळेच विचारतात. वडील कृष्णाकाठचे, वल्हं हातात घेऊनच मोठे झालेले. आम्ही सिंहगड रोडला राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं आणि एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा लोकांना बोटीतून बाहेर काढताना आम्ही जवळून पाहिलं. आपली एक होडी असावी, हा वडिलांचा जुना ध्यास तेव्हापासून पुन्हा डोकं वर काढू लागला. मुठेत बोट घालायचा प्रश्नच नव्हता. विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि एरवी नदीत सांडपाणी आणि जलपर्णी. म्हणून भीमेवरचा उजनीचा फुगवटा ठरला. भिगवणजवळ वडिलांचे जुने सहकारी राहतात, त्यांच्या काठाला बोट बांधता येणार होती.

जाहिरात ऑनलाइन दिसली. शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॉलीवर बोट उभी होती, निळी-पांढरी, चकचकीत, मागे पंधरा एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन लावलेलं. माणूस बोलायला अतिशय गोड. वडिलांच्या पाया पडला, चहा मागवला. इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून त्याने दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू. "काका, घड्याळासारखं चालतंय बघा." पाण्यात चालवून दाखवा म्हटलं, तर उत्तर तयार होतं: "इथल्या धरणात परवानगीशिवाय उतरवता येत नाही, तुमच्या भिगवणला मी स्वतः येऊन दाखवतो." कागदांचं विचारलं तर एका मच्छीमार सोसायटीच्या नावाच्या नोंदणीची झेरॉक्स आणि शिक्का मारलेलं ना-हरकत पत्र समोर ठेवलं. "सोसायटीने मला विकली, मी तुम्हाला. मूळ कागद डिलिव्हरीला देतो." टोकन त्याच्या मेव्हण्याच्या यूपीआयवर द्यायला लावलं, स्वतःच्या खात्याला मर्यादा आहे म्हणाला. आम्ही तिथे असतानाच त्याला फोन आला, "मुळशीची पार्टी संध्याकाळी कॅश घेऊन येतेय." उरलेली रक्कम डिलिव्हरीच्या वेळी रोख, पावती 'नंतर'. हे सगळं वेगवेगळं ऐकलं तर प्रत्येक गोष्ट पटते. धरणात परवानगी लागते हेही खरंच आहे: धरणं जलसंपदा विभागाच्या ताब्यात, मासेमारी सोसायट्यांकडे, आपल्या मर्जीने कुणी मोटरबोट उतरवू शकत नाही. खऱ्या नियमाच्या आडोशाने त्याने चाचणीच टाळली, हे मला त्याच्या खोटेपणातलं सगळ्यात वाईट वाटतं.

डिलिव्हरीला तो आलाच नाही. टेम्पोवाला आला, पैसे घ्यायला सोबत एक पोरगा आला, आणि मूळ कागद कुरिअरने येतील असा फोन आला.

बोट स्वतःची असण्याचं सुख मात्र खोटं नव्हतं, तेही सांगते. थंडीत उजनीच्या पाण्यावर पट्टकदंब उतरतात, उथळ भागात रोहित पक्षी चरत असतात. इंजिन बंद करून वडील नुसत्या वल्ह्यांवर बोट सरकवायचे, आणि पक्षी उडायचे नाहीत. घरी गुडघ्यांची कुरकुर करणारा माणूस तिथे तासन्‌तास पाठ ताठ ठेवून बसायचा. डिझेल, टोल, काठावरच्या राखणदाराचे पैसे, प्रत्येक वेळी बोट धुणं, ताडपत्री बांधणं, हा व्याप मोठा आहे, पण तो आम्ही आनंदाने करत होतो.

बोट मागून जरा बसल्यासारखी वाटायची. इंजिनाच्या वजनाने असेल असं धरून चाललो. मग एका दुपारी वारा सुटला. उजनीचा वारा ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये कुगाव–कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला, ते हेच पाणी. काठाकडे वळायला माझ्या नवऱ्याने पूर्ण थ्रॉटल दिला आणि मागून कडकड आवाज आला. इंजिन बोटीपासून सुटल्यासारखं मागे कललं, फळीला आडवी भेग पडली आणि पाणी आत यायला लागलं. वडिलांनी इंजिन बंद करायला लावून वल्ही घेतली. जवळच जाळी काढणाऱ्या एका मच्छीमाराने दोर टाकला, म्हणून काठ गाठला. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातलेली होती.

त्याच मच्छीमाराने दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवलं. ज्या उभ्या फळीवर इंजिन टांगतात, तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून फायबर दिसतं, पण आत प्लायवूड असतं. इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं की ते प्लायवूड कुजतं आणि बाहेरचा थर मात्र तसाच राहतो. त्याने ड्रिलने आतल्या बाजूला बारीक भोक पाडलं. कोरडा पिवळट भुसा यायला हवा होता. आला तो काळा, ओला, चहाच्या चोथ्यासारखा लगदा, आणि मागोमाग पाण्याचे थेंब. "ताई, ही आतनं पार संपलीय. वरनं नवा जेलकोट मारलाय बघा," म्हणून त्याने हाताने दाखवलं: जेलकोट म्हणजे फायबरवरचा चकचकीत रंगीत थर, त्याची छटा मागच्या हातभर भागात वेगळी होती, आणि जुनी भोकं पुट्टीने बुजवून त्यावर इंजिनाचा क्लॅम्प बसवलेला होता. क्लॅम्प असेपर्यंत ते दिसणं शक्यच नव्हतं. सीटखालच्या बंद पोकळीतला फोमही पाणी पिऊन जड झालेला. बोट मागून का बसते, ते तेव्हा कळलं.

फळीवर नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, हे त्यानेच शिकवलं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सडलेल्या जागी बद्द. मग इंजिनाचा पाय धरून वर-खाली दाबायचं, फळी जरा जरी हलली तरी बोट घ्यायची नाही. हे करायला फार वेळ लागत नाही, पण इंजिन उतरवायला विकणारा तयार हवा.

इंजिनाचं प्रकरण वेगळंच निघालं. अशा टू-स्ट्रोक इंजिनांत ९.९ आणि १५ एचपीची बरीच मॉडेल्स बाहेरून सारखी दिसतात, स्टिकर बदलला की काम झालं. आमच्या इंजिनाच्या ब्रॅकेटवरची नंबर प्लेट नव्या रिव्हेटने ठोकलेली होती, आणि इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर त्या प्लेटशी जुळत नव्हता. म्हणजे दोन इंजिनांचं मिळून एक केलेलं, किंवा त्याहून वाईट काही. पिंपातल्या चाचणीवर तर अजिबात विसंबू नका. तिथे पंख्याला ओढायला काही वजनच नसतं, मेलेलं इंजिनही तिथे गुरगुरतं. भर पाण्यात, माणसं बसवून, निदान अर्धा तास चालवायला लावा. इंजिन सुरू असताना मागून पाण्याची बारीक धार सतत पडायला हवी, ती तुटक असेल तर थंड करणारा पंप गेलाय. खालच्या गिअरचं तेल काढून बघा, दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.

मूळ कागद आलेच नाहीत. आम्ही झेरॉक्सवरच्या सोसायटीचा पत्ता शोधत गेलो. सचिव भला माणूस. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं: बोट त्यांचीच, सरकारी अनुदानातून घेतलेली, दुरुस्तीला म्हणून या माणसाकडे दिलेली. विक्रीचा ठराव झालेलाच नाही, ना-हरकत पत्रावरचा शिक्का त्यांचा नाही, आणि इंजिनाशी त्यांचा काही संबंध नाही. तिथेच आम्ही बोट त्यांच्या ताब्यात द्यायचं लिहून दिलं. दुसऱ्याची वस्तू होती, ठेवायचा प्रश्नच नव्हता.

गाडीच्या आरसी बुकाला आपण जेवढं महत्त्व देतो, तेवढंच इथेही द्यायला हवं. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्र लागतं, आणि आपल्याकडे त्यासाठी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड आहे. बोटीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक, कागदावरचं नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं आधार, हे तिन्ही जुळलं नाही तर चहासुद्धा न पिता उठा. सोसायटीचं नाव असेल तर सोसायटीत स्वतः जा, ठरावाची नक्कल मागा. 'परवानगी बोटीसोबत मिळते' असं कुणी सांगितलं तर त्यावरही विश्वास ठेवू नका, एका संस्थेला दिलेली परवानगी बोट विकली म्हणून तुमची होत नाही.

चौकीत पहिल्यांदा 'हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा' असं ऐकावं लागलं. बिघडलेला माल विकला एवढंच असतं तर कदाचित ते बरोबर ठरलं असतं. पण जी वस्तू आपली नाहीच ती बनावट पत्र दाखवून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), शिक्षा सात वर्षांपर्यंत. सोसायटीच्या सचिवाचं पत्र, मच्छीमाराने इंजिन उतरवताना आम्ही काढलेले फोटो, यूपीआयचा व्यवहार आणि सगळे मेसेज जोडून लेखी तक्रार दिली, पोच घेतली, तेव्हा गुन्हा दाखल झाला. टोकन गेलेलं खातं तोवर रिकामं होतं. ऑनलाइन पैसे दिल्यावर संशय आला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. जेवढा उशीर, तेवढी रक्कम गोठवायची शक्यता कमी. रोख दिलेल्या पैशांचं तर तो सरळ नाकारतोय, पोरगा कोण होता तेही ओळखत नाही म्हणतो.

माणूस सध्या जामिनावर बाहेर आहे. नवऱ्याला गेल्या आठवड्यात पुन्हा एक जाहिरात दिसली, नाव आणि नंबर वेगळा, बोट हिरवी, पण मागे तीच पत्र्याची शेड. सगळे फोटो पुढून आणि बाजूने काढलेले, मागून एकही नाही. तुम्ही अशी बोट बघायला जाणार असाल तर इंजिन काढलेल्या ट्रान्समचा, आतून आणि बाहेरून, फोटो आधी मागा. आणि कुणाचे पैसे अशाच व्यवहारात आधीच अडकले असतील तर गप्प बसू नका, आपापल्या चौकीत लेखी तक्रार द्या. दुसरी, तिसरी तक्रार आली की 'दिवाणी मामला' म्हणून कुणाला परत पाठवणं अवघड होतं.