बुडून वर काढलेली बोट घ्यावी, की जुनी पण न बुडालेली?

मे महिना लागला की मुंबईत भाऊच्या धक्क्यापासून वर्सोव्यापर्यंत, जिथे जिथे बोटी लागतात तिथे विक्रीच्या गोष्टी कानावर येऊ लागतात. १ जूनपासून मासेमारी बंद, पाठोपाठ पाऊस. बोट वर ओढा, शाकारा, राखणदार ठेवा, हा खर्च टाळायला बघणारे मालक थकलेली पण तरंगती बोट कमी किमतीत काढून टाकतात. दुसरा माल पावसाळ्याच्या आगेमागे येतो: एकदा तळाला जाऊन आलेली, धुऊनपुसून ठेवलेली, "थोडंसं काम आहे" असं सांगितली जाणारी बोट. किमतीत निम्म्याहून जास्त फरक असतो आणि हौशी माणसाचा हात बुडालेलीकडेच वळतो.

मांडव्याकडे चक्कर मारायला, गळ टाकायला वीस-बावीस फुटांची बोट हवी असलेल्या माणसासाठी हे लिहितोय. माझा कल न बुडालेल्या, तरंगत्या बोटीकडे आहे. एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

बुडाली म्हणजे नेमकं काय झालं?

जुन्या बोटीबद्दल विचारतात "किती वर्षांची?" बुडालेल्या बोटीला वय विचारून फार काही कळत नाही. का बुडाली, किती दिवस खाली होती आणि वर आल्यानंतर पहिल्या दिवशी काय केलं, हे विचारा. नांगरावर असताना पंपाची बॅटरी उतरली आणि जुलैच्या पावसाने भरून खाली बसली, ही एक गोष्ट. खडकावर आपटून फुटली किंवा वादळात दुसऱ्या बोटींवर आदळत राहिली, ही अगदी वेगळी. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (१७ मे २०२१) या वादळांत किनाऱ्यावर बऱ्याच बोटींना मार बसला. त्यातली एखादी आज रंग चढवून समोर आली, तर फक्त भोक बुजवलेलं बघून भागत नाही. धक्का आतल्या आडव्या-उभ्या आधारांना कुठे बसला, ते शोधावं लागतं.

कारण सांगताच येत नसेल तर तिथेच थांबा. जिथून पाणी शिरलं ती जागा सापडली नसेल, तर ती अजून तिथेच आहे.

"दोनच दिवस पाण्यात होती" हे वाक्य सगळेच विक्रेते म्हणतात. याची परीक्षा सोपी आहे. टॉर्च घ्या आणि बसायच्या बाकांखालचे कप्पे उघडा. बाहेरून तळाला बार्नेकल, म्हणजे चिकटून बसणारे कडक कवचाचे समुद्री जीव, असणं काही विशेष नाही, ते प्रत्येक बोटीला धरतात. पण कप्प्याच्या आतल्या कोपऱ्यात, बिजागरीवर, पाइपच्या मागे पांढरे टोकदार ठिपके दिसले, किंवा खरवडून काढल्याच्या गोल खुणा दिसल्या, तर समुद्राने तिथे आठवड्यांच्या हिशोबाने मुक्काम केलाय. मुंबई बंदराचा बारीक काळा गाळही असाच चुगलखोर. वरून पाइपने धुतला तरी स्क्रूच्या खाचेत, स्टिअरिंगच्या केबलच्या तोंडाशी राहतोच.

लाकडी आणि फायबर

लाकडी होडी पाण्याखाली गेली म्हणून घाबरायचं फारसं कारण नाही. सुकून फटी पडलेल्या छोट्या होड्या फळ्या फुगाव्यात म्हणून मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत आहेच. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही, तिला पावसाचं गोडं साचलेलं पाणी आवडतं. म्हणजे वर्षानुवर्षं उघड्यावर पाऊस खाल्लेली, कधीच न बुडालेली होडी आतून जास्त कुजकी निघू शकते. लाकडाचे खरे शत्रू दोन. एक टेरेडो, फळीच्या आत बोगदे करणारा समुद्री किडा. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत फळीची चाळण झालेली असते. दुसरे लोखंडी खिळे. ते गंजले की भोवतीचं लाकूड काळं आणि मऊ पडतं. खिळ्याशेजारी चाकूचं टोक दाबून बघा. सहज रुतलं, तर ती फळी आणि बहुधा तिच्या शेजारचीही गेली. वर काढल्यावर होडी उन्हात कडकडीत वाळवली असेल तर फळ्या आकसून फाटतात. ती सावलीत, ओली गोणपाटं टाकून ठेवायची असते. त्याहून मोठी अडचण माणसांची. लाकडी काम करणारे चांगले मिस्त्री कमी झालेत, आणि आहेत त्यांना मच्छीमारांच्या बोटींमधूनच सवड नाही.

फायबरचं उलट. बाहेरून काहीच झालेलं दिसत नाही, सगळं आत. इंजिन लटकतं त्या मागच्या फळीत बऱ्याचदा प्लायवुड असतं आणि डेकखाली फोम भरलेला असतो. एकदा पाणी शिरलं की मुंबईच्या दमट हवेत ते वाळता वाळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज येतोय तोवर ठीक, मध्येच भद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेत किंवा प्लाय कुजलंय. डेकच्या खालच्या भागातला एक स्क्रू मालकाच्या परवानगीने काढून बघा. पाणी ठिबकलं तर फोम पाणी प्यालाय, आणि तो काढायचा म्हणजे डेक कापायचा.

न बुडालेल्या जुन्या फायबर बोटीतही हे सगळं असू शकतं, पण एखाददुसऱ्या जागी. बुडालेलीत ते सगळीकडे आहे असं धरूनच हिशोब मांडावा.

इंजिन शून्य धरा

विक्रेता इथे एका सेल्फमध्ये इंजिन सुरू करून दाखवतो आणि सौदा होतो. त्यावर जाऊ नका. पाण्याखाली असेपर्यंत होतं त्याहून जास्त नुकसान इंजिन वर आल्यावर होतं, कारण मीठ आतच असतं आणि आता भरपूर हवाही मिळते. काही तासांत गंज धरतो. वर काढल्याबरोबर गोड्या पाण्याने धुणं, इंजेक्टर काढून पाणी बाहेर फेकणं, तेल दोन-तीनदा बदलून फिरवणं, हे त्याच दिवशी व्हावं लागतं. धक्क्यावर एवढं गोडं पाणी मिळवायचं म्हणजे टँकर सांगा. कितीजण सांगतात? तेलाची काडी ओढून बघा. दुधाळ चहासारखं तेल असेल तर विषय संपला. स्वच्छ असेल तर फक्त ते नवं भरलंय एवढं कळलं.

बुडताना इंजिन चालू होतं का, हेही विचारा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. असं इंजिन सुरू होतं, आवाजही बरा करतं आणि मांडव्याच्या अर्ध्या वाटेवर साथ सोडतं.

जुन्या न बुडालेल्या बोटीचं इंजिन थकलेलं असेल, धूर सोडत असेल, पण त्याला दुरुस्तीचा इतिहास असतो. बदलायचं झालं तर डिझेल इंजिनासाठी दारूखान्याच्या भंगार बाजारात फेरी मारता येते.

वायरिंगचा तर प्रश्नच नाही, सगळं काढायचं. वायरचं दोन इंच आवरण सोलून बघा, आतली तार हिरवी-काळी झालेली दिसेल. नवी टाकताना लोहार चाळीतली घरगुती वायर नको, कथिलाचा मुलामा असलेली घ्या.

कागद

२६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर मासेमारी ट्रॉलर पळवून आले होते. तेव्हापासून समुद्रातल्या प्रत्येक बोटीच्या कागदांकडे बारीक नजर असते. मासेमारी बोट असेल तर तिची नोंदणी रिअलक्राफ्ट प्रणालीत असते. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर रंगवलेला क्रमांक, प्रमाणपत्र आणि इंजिनाचा नंबर जुळवून बघा. हौसेची बोट असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंद मागा. इथवर दोन्ही बोटींना नियम सारखेच.

बुडालेल्या बोटीला मात्र एक जादा प्रश्न: विम्याचे पैसे कोणी घेतले? १९६३ च्या सागरी विमा कायद्यानुसार कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून भरपाई दिली, तर उरलेल्या बोटीवर हक्क सांगायचा अधिकार कंपनीकडे जातो. मग समोरचा माणूस विकतोय ते त्याचं आहे का? कंपनीचं पत्र मागा. "विमाच नव्हता" म्हणाला तर तसं लेखी घ्या.

जागा

मुंबईत खरा निकाल इथे लागतो. तरंगती बोट घेतली की थोडी डागडुजी करून ऑक्टोबरमध्ये पाण्यात. बुडालेली घेतली की आधी छप्पर असलेली जागा हवी, कारण ओल्या हवेत फायबरचे थर चिकटवणारं रेझिन नीट धरत नाही आणि जून ते सप्टेंबर काम जवळजवळ ठप्प. मे महिन्यात घेतलीत तर चार महिने नुसतं भाडं भरायचं.

समजा तरंगती चार लाखांना आणि बुडालेली सव्वा लाखाला मिळतेय. वाचले पावणेतीन लाख. त्यातून इंजिन, वायरिंग, पंप, स्टिअरिंग, मागची फळी आणि एका हंगामाचं भाडं काढायचंय. आधी नुसत्या नव्या आउटबोर्डची (मागच्या फळीवर लटकणाऱ्या इंजिनाची) किंमत विचारून या.

आता तो अपवाद. फायबरचा सांगाडा, आत फोम नाही, नांगरावरच पावसाने भरून बसलेली, कागद विकणाऱ्याच्या नावावर, इंजिन नसलेलं किंवा भंगाराच्या भावात धरलेलं, आणि तुमची स्वतःची शेड. हे सगळं एकत्र जुळलं तर बुडालेली घ्या, स्वस्तात चांगली बोट होईल. यातलं एक जरी निसटलं तरी तरंगती घ्या. लाकडी असेल तर मिस्त्रीने स्वतः येऊन बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

दोन्हींपैकी कुठलीही असो, ती पाण्यात बघून घेऊ नका, जमिनीवर ओढायला लावा. ओढायचा दिवस अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला धरा. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत पाणी वरपर्यंत चढत नाही, बोट चिखलात अडकते आणि क्रेनवाल्याचं भाडं तासागणिक वाढत जातं.