हायड्रॉलिक प्रेसवरील सात इंची टचस्क्रीन : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीतील आमच्या कारखान्यात १०० टनी हायड्रॉलिक प्रेसवर सात इंची टचस्क्रीन बसवून नऊ महिने झाले. तिच्यावरची सगळी पाने मीच आखली असल्यामुळे हा अनुभव पॅनेलइतकाच माझ्या आखणीचाही आहे. पॅनेल ८०० बाय ४८० पिक्सेलचे, २४ व्होल्ट डीसीवर चालणारे असून पीएलसीशी (मशीन चालवणाऱ्या नियंत्रकाशी) मॉडबस या संपर्क-पद्धतीने बोलते. वीज सतत जात-येत असूनही ते एकदाही अडकलेले नाही.

पहिल्या आखणीत मी हिरवा पंप, निळी टाकी आणि पिवळे पाइप काढले होते. पाहायला ते सर्वांना आवडले, परंतु तेलाचे तापमान ६० अंशांवर गेल्याची लाल सूचना त्या रंगांत हरवून जात असे, हे दुसऱ्या महिन्यात लक्षात आले. आयएसए-१०१ हे मशीनच्या स्क्रीन आखण्याविषयीचे २०१५ चे मानक रंग जपून, अर्थासाठीच वापरायला सांगते. त्यानुसार मी सर्व काही करड्या छटांत आणले आणि लाल-पिवळा फक्त बिघाडासाठी राखला. ‘साहेब, स्क्रीन फिकी पडली का?’ असे ऑपरेटरने विचारले खरे, पण आता सूचना आली की ती चार पावलांवरून दिसते.

सर्वाधिक श्रम मात्र सूचनांच्या भाषेवर गेले, आणि ते सार्थकी लागले असे मी खात्रीने सांगतो. पूर्वी ‘एलएस-३ फॉल्ट’ एवढेच दिसे आणि रात्रपाळीचा ऑपरेटर मेंटेनन्सवाल्याची वाट पाहत बसे. आता ‘मागचा गार्ड उघडा आहे. गार्ड लावून रीसेट दाबा.’ असे दिसते. पंपाची मोटर ट्रिप झाली की दाब कमी, रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा दांडा) वर आला नाही, सायकल अपूर्ण अशा सूचनांची रांगच लागत असे, म्हणून पहिली सूचना धरून तिच्यामुळे उद्भवणाऱ्या बाकीच्या दाबून ठेवण्याचे लॉजिक पीएलसीत लिहिले.

येथेच पॅनेलची खरी उणीव समोर आली. स्थिर मजकूर संगणकावरच चित्ररूप होत असल्यामुळे देवनागरी नीट उमटते. परंतु सूचनांची यादी पॅनेल स्वतःच्या फाँटमध्ये दाखवते आणि त्यात जोडाक्षरे तुटतात, रफार चुकतो, ‘बिघाड’मधील वेलांटी ब सोडून घवर जाऊन बसते. शेवटी मी ४२ सूचनांची ४२ चित्रे करून सूचनेच्या क्रमांकानुसार दाखवली. त्यामुळे एक शब्द बदलायचा तरी सगळा प्रकल्प पुन्हा पॅनेलमध्ये भरावा लागतो आणि सूचनांचा इतिहास आजही इंग्रजीतच राहिला आहे. मराठी कामगारांसाठी पॅनेल घेणाऱ्याने विक्रेत्याकडून सूचनांची यादी देवनागरीत चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

टच रेझिस्टिव्ह, म्हणजे दाबाने चालणारा, असल्यामुळे तेलकट हातमोज्यांनीही चालतो. या पडद्यावर एक मिलिमीटरला साधारण पाच पिक्सेल पडतात, त्यामुळे २० मिलिमीटरचे बटण म्हणजे १०४ पिक्सेल. मी आरंभी ६० पिक्सेलचे ठेवले होते आणि शेजारचे बटण दाबले जाण्याच्या तक्रारी रोज येत. मात्र ‘रीसेट’च्या जागी पडदा आता धूसर झाला आहे आणि तेथे जरा जोर द्यावा लागतो.

सायकल सुरू करणारी दोन हातांची बटणे आणि पिवळ्या पार्श्वभूमीवरचे लाल इमर्जन्सी स्टॉप मी पहिल्यापासून स्क्रीनबाहेर, थेट वायरिंगवर ठेवले. स्क्रीन, सॉफ्टवेअर किंवा संपर्काची केबल यांपैकी काहीही गेले तरी प्रेस थांबलीच पाहिजे, यावर तडजोड होऊ शकत नाही. शेजारच्या दुसऱ्या प्रेससाठी हेच पॅनेल घेण्याचा विचार आहे. त्या वेळी ‘रीसेट’ही स्क्रीनवरून काढून साध्या निळ्या पुश बटणावर देणार आहे.