घरात आयपीव्ही६ आणायचं: नेटवाल्याचा डबा, स्वतःचा राउटर की टनेल?

आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, आयपीव्ही४ ही जुनी. ती घरात आणायची तर राउटर विकत घेण्याआधी नेटवाल्याला एक प्रश्न विचारा: "आयपीव्ही६चं प्रिफिक्स डेलिगेशन देता का, आणि केवढं?" नुसतं "हो, आयपीव्ही६ आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. प्रिफिक्स म्हणजे घराला मिळणारा पत्त्यांचा गठ्ठा; तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका लहान, तितका गठ्ठा मोठा. घरातलं एक नेटवर्क नीट चालायला पूर्ण /६४ लागतं, कारण उपकरणं त्यावरूनच स्वतःचा पत्ता बनवतात. /६४ मिळालं तर एकच नेटवर्क, /६० मिळालं तर १६, /५६ मिळालं तर २५६. पाहुण्यांचं वायफाय आणि कॅमेरे वेगळे ठेवायचे असतील तर /६४ पुरत नाही.

दुसरी तपासणी घरीच होते. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे नेटवाल्याकडच्या बाजूचा, आयपीव्ही४ पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एक सार्वजनिक पत्ता बऱ्याच घरांत वाटलेला आहे. त्याच पानावर आयपीव्ही६चा पत्ता २ किंवा ३ ने सुरू होत असेल तर खरी जोडणी आहे. एफई८० ने सुरू होणारा पत्ता प्रत्येक उपकरण आपला आपण घेतं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

नेटवाल्याचा डबा तसाच ठेवणं

ब्राउझिंग, व्हिडिओ आणि मीटिंग एवढंच असेल तर हे पुरेसं आहे. खर्च नाही, आयपीव्ही४ही सोबत चालू राहतं. सेटिंगमध्ये लॅनसाठी (घरातल्या नेटवर्कसाठी) 'स्लॅक' निवडलेलं आहे ना, एवढं पाहा; यात उपकरण स्वतःच पत्ता बनवतं. फक्त 'स्टेटफुल डीएचसीपीव्ही६' (राउटरने पत्ते वाटायची पद्धत) ठेवलं तर लॅपटॉपला पत्ता मिळतो, पण अँड्रॉइड फोन कोरडे राहतात.

अडचण फायरवॉलची, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या भिंतीची. अशा बऱ्याच डब्यांत आयपीव्ही६ची फायरवॉल एकतर पूर्ण बंद नाहीतर पूर्ण चालू असते. एकाच उपकरणाचं एकच पोर्ट उघडायची सोय नसते. आयपीव्ही६मध्ये नॅटचा (सगळी उपकरणं एका पत्त्यामागे ठेवण्याचा) आडपडदा नाही, त्यामुळे फायरवॉल बंद म्हणजे घरातला कॅमेरा थेट रस्त्यावर. तपासायला फोनचं वायफाय बंद करा आणि आयपीव्ही६ असलेल्या मोबाइल डेटावरून कॅमेऱ्याचा आयपीव्ही६ पत्ता चौकटी कंसात टाकून उघडा. लॉगिनचं पान दिसलं तर फायरवॉल आधी चालू करा, बाकीचं नंतर.

डबा ब्रिजमध्ये, पुढे स्वतःचा राउटर

प्रिफिक्स /६० किंवा त्याहून मोठं मिळत असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू. ब्रिजमध्ये डबा नुसती जोडणी पुढे देतो, राउटरचं काम तुमचा राउटर करतो. ब्रिज करायला सांगण्याआधी पीपीपीओईचं (नेटवाल्याकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचा (जोडणीवरच्या वेगळ्या मार्गिकेचा) नंबर लिहून घ्या. यातलं एक राहिलं तरी नेट सुरू होत नाही. लँडलाइन त्याच डब्यातून येत असेल तर ब्रिजनंतर ती चालेल का, हेही विचारा.

ओपनडब्ल्यूआरटी या राउटरवर टाकायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक जागा हमखास नडते. लॅनची 'असाइनमेंट लेंग्थ' (त्या नेटवर्कला द्यायच्या प्रिफिक्सचा आकार) मुळात ६० असते. नेटवाल्याने /६० दिलं तर पहिलं लॅन ते सगळंच गिळतं आणि पाहुण्यांच्या नेटवर्कला पत्ताच उरत नाही. दोन्हीकडे ६४ करा. आणि आयसीएमपीव्ही६ (नेटवर्कमधले अडचणींचे निरोप) सरसकट ब्लॉक करू नका. आयपीव्ही६मध्ये वाटेतला राउटर पॅकेट तोडत नाही, 'मोठं आहे' एवढा निरोप परत पाठवतो. पीपीपीओईवर एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२ बाइट असतो. निरोप अडला की छोटी पानं उघडतात आणि मोठी अर्ध्यावर लटकतात.

खरी डोकेदुखी बदलत्या प्रिफिक्सची. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला, नवं प्रिफिक्स आलं. पण वायफायवरचे लॅपटॉप जुना पत्ता धरून बसतात. प्रमाणानुसार मूळ मुदती प्रिफर्ड (नव्या जोडण्यांसाठी पत्ता वापरायची) ७ दिवस आणि व्हॅलिड (पत्ता रद्द होईपर्यंतची) ३० दिवस एवढ्या लांब आहेत. प्रिफर्ड मुदत अर्ध्या तासावर आणा, आणि ओएनटी (फायबर ज्यात येते तो डबा) व राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवा. प्रिंटर आणि नासला (घरच्या फाइली साठवायच्या उपकरणाला) एफडीने सुरू होणारे यूएलए, म्हणजे फक्त घरात चालणारे, पत्ते द्या, म्हणजे बाहेर काहीही बदललं तरी त्यांचा पत्ता तोच राहतो.

एकच /६४ मिळत असेल तर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट (नुसतं वायफाय देणारा) म्हणून लावा. त्यावर नॅट६६ (आयपीव्ही६वरचं नॅट) चढवून दुसरं नेटवर्क काढता येतं, पण मग आयपीव्ही६ आणून मिळवलं काय?

नेटवाला देतच नसेल तर

सार्वजनिक आयपीव्ही४ असेल तर हरिकेन इलेक्ट्रिक या कंपनीचं ६इन४ टनेल (आयपीव्ही४च्या पॅकेटात आयपीव्ही६ भरून नेणारी वाट) फुकट मिळतं. /६४ लगेच, मागितलं तर /४८. राउटरने बाहेरच्या पिंगला उत्तर द्यायला हवं. एमटीयू १४८०, पीपीपीओईवर १४७२. सीजीनॅटमागे हे जमत नाही: हे टनेल वापरतं त्या प्रोटोकॉल ४१ला पोर्टनंबरच नसतात, मग वाटलेल्या पत्त्यावर कोणाचं पॅकेट कोणाला द्यायचं हे कळणार कसं? नेटफ्लिक्सने २०१६पासून ही टनेलं अडवली आहेत, हे घरच्यांना आधी सांगा. जुन्या राउटरवर '६टू४' हा (टनेलचाच जुना) पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. त्याची सार्वजनिक रिले-व्यवस्था २०१५मध्येच कालबाह्य ठरवली गेली.

सीजीनॅट असेल आणि घरचा सर्व्हर बाहेरून हवाच असेल, तर भाड्याच्या व्हीपीएसपर्यंत (डेटासेंटरमधल्या आभासी सर्व्हरपर्यंत) वायरगार्ड, म्हणजे कूटबद्ध टनेल. दरमहा भाडं पडतं आणि सगळी रहदारी तिकडून वळून येते, म्हणून व्हीपीएस मुंबईतला घ्या, परदेशातला नको. घेताना वेगळं 'राउटेड' (पूर्ण गठ्ठा तुमच्या सर्व्हरकडेच वळवलेलं) प्रिफिक्स मिळतं का ते विचारा. नुसतं सर्व्हरच्या इंटरफेसवरचं /६४ असेल तर एनडीपी प्रॉक्सीचा (घरातल्या पत्त्यांच्या वतीने सर्व्हरने उत्तर द्यायचा) खटाटोप करावा लागतो. घराच्या बाजूला कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा छोटा निरोप) दर २५ सेकंदांनी ठेवा, नाहीतर सीजीनॅटमधली नोंद पुसली जाते आणि बाहेरून घर सापडत नाही. एमटीयू १४२०, पीपीपीओईवर १४१२.

नुसतं ब्राउझिंग करायचं असेल तर टनेल किंवा व्हीपीएस कशाच्याच मागे लागू नका. त्या घरात त्याने वेग वाढत नाही, फक्त बिघडू शकणारी एक जागा वाढते. नेटवाल्याकडे लेखी मागणी नोंदवा. परिसरात दुसरा नेटवाला असेल तर सहा महिन्यांचे पैसे भरण्याआधी प्रिफिक्सचा तोच प्रश्न त्यालाही विचारा.