आईच्या जबड्याचं बोन ग्राफ्ट: गंगापूर रोडच्या क्लिनिकचा आमचा अनुभव

आईची खालची उजवी दाढ सहा-सात वर्षांपूर्वी दुसरीकडे काढली होती. तेव्हा कोणीच सांगितलं नाही की दाढ काढली की तिथलं हाड झिजत जातं आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्या सहा महिन्यांतच होते, त्यामुळे आम्हीही बघू नंतर म्हणून सोडून दिलं. मागच्या वर्षी दिवाळीनंतर एका ठिकाणी छोटा एक्सरे काढला आणि सांगितलं हाड भरपूर आहे, लगेच इम्प्लांट (हाडात बसवायचा स्क्रू, ज्यावर नवा दात बसतो) टाकू. आई तयार झाली होती पण माझं मन काही मानेना, म्हणून गंगापूर रोडला या क्लिनिकमध्ये सेकंड ओपिनियनला आलो.

इथे आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्सरे स्कॅन, करायला लावला. तो क्लिनिकमध्ये होत नाही, वेगळ्या सेंटरला पाठवतात आणि त्याचे पैसे वेगळे. पण साध्या एक्सरेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसतच नाही, हे मला तिथे कळलं. डॉक्टरांनी स्क्रीनवर जबड्याचा उभा काप दाखवला, ब्रेडची स्लाइस काढावी तसा. वरच्या टोकाला हाड अगदी निमुळतं, मोजलं तर ३.५ मिमी. इम्प्लांट ४ मिमीचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एक-दीड मिमी तरी हाड उरायला पाहिजे. मग बसणार कुठे? आईने स्वतः बघितलं आणि म्हणाली, हो गं, इथे तर काहीच नाही. म्हणून आधी बोन ग्राफ्ट, म्हणजे तिथे हाडाची पावडर भरून हाड वाढवायचं, असं ठरलं.

मग तोंडात स्कॅनर फिरवला. आईला मापाच्या लगद्याने नेहमी उलटीसारखं होतं, यात तसलं काहीच नाही, दोन-चार मिनिटांत हिरड्या-दात रंगीत स्क्रीनवर. सीबीसीटीत हाड नीट दिसतं पण हिरडी स्पष्ट येत नाही, म्हणून हे दोन्ही स्कॅन एकावर एक बसवतात आणि त्यावरून जबड्याचं मॉडेल थ्रीडी प्रिंट करतात. ते मॉडेल आईच्या हातात दिलं, तिने बोटाने तो खड्डा चाचपला. ग्राफ्टची पावडर जागेवर धरून ठेवणारी टायटॅनियमची जाळी त्याच मॉडेलवर आधी वाकवून ठेवलेली, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळी तोंड उघडं ठेवून जाळी कापत-वाकवत बसावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. ग्राफ्टची पावडर कशाची, हे आईने विचारलं तेव्हा सांगितलं. आमच्या घरात माळकरी आहेत, आई स्वतः एकादशी करते. गायीच्या हाडापासून केलेली असते, दान केलेल्या माणसाच्या हाडाची असते आणि कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटचीही असते, असे पर्याय आहेत, आणि हे पेशंटला स्वतःहून आधी सांगायलाच हवं. मेंब्रेनचंही (ग्राफ्टवर झाकतात तो पातळ पडदा) तेच, बरीचशी जनावरांच्या कोलॅजनची असतात. आम्ही कृत्रिम पावडर घेतली, त्यात आईच्याच जबड्याच्या मागच्या भागातलं थोडं हाड खरवडून मिसळलं आणि वर पीआरएफ, म्हणजे तिचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवून जी पिवळसर जेलीसारखी गुठळी निघते ती.

पंधरा दिवस पेज आणि मऊ खिचडी. तिसऱ्या आठवड्यात जाळीचं एक टोक हिरडीतून बाहेर डोकावायला लागलं. रविवारी फोन केला तर रिसेप्शनवरून 'नॉर्मल आहे, सोमवारी या' एवढंच, माझा जीव टांगणीला लागलेला! संध्याकाळी मात्र डॉक्टरांनी स्वतः फोन केला, फोटो मागवला, औषधी गुळण्या सांगितल्या आणि नंतर दर आठवड्याला बोलावून बघितलं. जाळीच्या ग्राफ्टमध्ये असं होऊ शकतं हे त्यांनी आधी सांगितलं होतं, पण रिसेप्शनवाल्यांनाही ते शिकवा प्लीज.

सहा महिन्यांनी परत सीबीसीटी, जाडी ७ मिमी! जाळी काढली आणि त्याच वेळी प्रिंट केलेलं सर्जिकल गाइड (ड्रिलची जागा आणि दिशा ठरवणारा साचा) दातांवर बसवून इम्प्लांट टाकला. गाइडच्या भोकातूनच ड्रिल जातं, खालून जाणारी नस स्कॅनमध्ये आधीच रंगवून ठेवलेली, त्यामुळे तिच्यापासून अंतर राखूनच सगळं ठरवलेलं.

ग्राफ्ट झाकायला हिरडी ओढून घेतलेली असते म्हणून तिथली घट्ट हिरडी कमी पडली, ती नंतर टाळूचा छोटा तुकडा लावून वाढवली. आईला सगळ्यात जास्त दुखलं ते या टाळूच्या जखमेचं, हाडाचं नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. स्कॅनवरूनच टाळूसाठी पारदर्शक प्लेट बनवून दिलेली, ती घातली की जेवता यायचं. बरं होताना दोन वेळा परत स्कॅन करून हिरडी किती भरली ते रंगांत दाखवलं.

खर्च बराच आहे आणि पहिल्या कागदावर मेंब्रेन धरलेलं नव्हतं, ते नंतर वाढलं, तेव्हा सगळं लिहून मागा. संध्याकाळी पार्किंग मिळत नाही, सकाळची वेळ घ्या. डायबेटिस असेल तर एचबीएवनसीचा (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) रिपोर्ट सोबत न्या, आईचा त्यांनी बघितल्याशिवाय तारीख दिली नव्हती. आणि स्कॅनच्या फायली पेनड्राइव्हवर मागून घ्या, आम्हाला लगेच दिल्या. कोणी नुसत्या छोट्या एक्सरेवर 'हाड आहे' म्हणालं तर आधी जाडी दाखवा म्हणायचं.